अण्णांनी रिकामा डबा परत केला

‘एम्प्टी’ या इंग्रजी शब्दाचं मूळ सापडल्यामुळे आमच्या घरी पोतंभर तांदूळ आला.

हे वाक्य मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग खात्री करून घ्यायला माझ्या नवऱ्याकडे बघतो. मोहन नुसती मान हलवतो. (त्या दिवशीही त्याने नुसती मानच हलवली होती आणि निम्मा घोळ त्यानेच झाला! पण ते पुढे येईल.)

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न करून मी सांगलीहून हैदराबादला, बरकतपुऱ्यात आले. घरात तीनच माणसं: मी, मोहन आणि माझे सासरे अण्णा. अण्णा मूळचे परभणीकडचे, पण निजामाच्या काळापासून घराणं हैदराबादेत. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. शाळा सुटली, पण शिकवणं सुटलं नव्हतं आणि वर्गात आता मी एकटीच! आमटी वाढताना ‘सूप’ या शब्दाचा उगम ऐकावा लागे. वाढलेल्या पानापेक्षा त्यांच्या मांडीवरचा शब्दकोश जास्त जागा अडवायचा.

भिंतीला भिंत लागून सुगुणाम्मा राहायच्या. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू, केसांत कायम मोगरा. त्यांचे यजमान रेल्वेतून निवृत्त. त्यांना सगळी गल्ली ‘सर’च्या तेलुगू उच्चारात ‘सार’ म्हणायची. मी आले त्याच आठवड्यात सुगुणाम्मांनी स्टीलच्या डब्यातून पुलिहोरा पाठवला. चिंचेचा तो पिवळाधमक भात आम्ही चाटूनपुसून संपवला, डबा घासला, आणि मला आईचं बजावणं आठवलं. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालायची.

मी साखर घातली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण नवी सून! सांगलीची अब्रू पणाला! मी डबाभर बेसनाचे लाडू करून पाठवले.

आता यात एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. सुगुणाम्मांच्या आईनेही त्यांना अगदी हेच बजावून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डबा गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी घेऊन आला. मी थालीपीठं पाठवली. तिकडून तिळाच्या चकल्यांसारखे सकिनालू. इकडून अळूवड्या. तिकडून पूर्णालू, म्हणजे पुरणाचे तळलेले गोळे, तेही आधीच्यापेक्षा मोठ्या डब्यात!

“सुगुणाम्मा, आता पुरे हं,” मी भिंतीवरून हात जोडून म्हणाले.

“अय्यो अम्मायी, खाली डब्बा कैसा देती मैं? अच्छा नई!”

त्या थांबल्याशिवाय मी थांबेना, मी थांबल्याशिवाय त्या थांबेनात. दोन डब्यांमधला काळ कमी कमी होत गेला. अखेर अशी वेळ आली की माझ्या आयुष्यात स्वयंपाक, डबा घासणं आणि डबा भरणं यापलीकडे काही उरलं नाही.

आणि नेमकी तेव्हाच माझी परीक्षा होती.

ती साधी परीक्षा नव्हती. मोहनच्या कारखान्यात माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. बाहेरच्या मालासाठी दारं उघडली, आता जुन्या कारखान्यांचं काही खरं नाही, असं जो तो म्हणायचा. मोहन घरी काही बोलत नसे, पण रात्रीचं जेवण अर्धवट टाकून उठायचा. म्हणून मी दिलसुखनगरला एका कंप्युटरच्या क्लासला नाव घातलं होतं. चपला बाहेर काढून, देवळात जावं तसं त्या गारेगार खोलीत जायचं आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवायची. शेवटच्या परीक्षेत जे वर येतील त्यांना एका नव्या कंपनीत नोकरी मिळणार होती. ती मला हवी होती. मोहनच्या कपाळावरची आठी जावी म्हणून हवी होती, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही हवी होती.

परीक्षा सोमवारी. गुरुवारी सकाळी मी एका हाताने चकल्या पाडत होते आणि दुसऱ्या हातात प्रोग्रॅमचं पुस्तक धरलं होतं. पुस्तक तेलात पडलं.

“सूनबाई, हे काय करायलीस?” अण्णा दारात उभे.

“सुगुणाम्मांचा डबा भरतेय.”

“आन अभ्यास?”

मी पुस्तक चिमट्याने बाहेर काढलं आणि तिथेच रडायला बसले. रडणाऱ्या सुनेचं काय करायचं असतं ते अण्णांना माहीत नव्हतं. त्यांनी आयुष्यभर अडचणीत जे केलं तेच केलं. शब्दकोश काढला.

पाचेक मिनिटांत आतून आरोळी आली, “सूनबाई! सापडलं!”

“काय सापडलं?”

“एम्प्टी! अगं, या शब्दाचा पहिला अर्थ ‘काही नसलेला’ असा नव्हताच! जुन्या इंग्रजीत ‘ॲमेट्टिग’ असा काहीसा शब्द होता. त्याचा अर्थ फुरसत असलेला. निवांत! ज्याच्यामागे काही काम नाही तो एम्प्टी. मधला ‘पी’सुद्धा मूळचा नाही, ‘म’ आणि ‘ट’ यांच्यामध्ये मागाहून घुसला.”

“अण्णा, तेल तापलंय.”

“आणखी ऐक. लॅटिनमध्येही तसंच! रिकामं असणं आणि मोकळं असणं, दोन्हींना एकच धातू. त्यातूनच व्हेकंट आला आणि त्यातूनच व्हेकेशन. आन आपण काय म्हणतो? रिकामा वेळ! म्हणजे दुनियाभरच्या लोकांना कळलं होतं की रिकामं असणं ही चैन आहे. फक्त तुम्हा दोघींना कळंना!”

(त्याच शब्दाचा आणखी एक जुना अर्थ ‘अविवाहित’ असाही होता, हे त्यांनी मला कितीतरी दिवसांनी सांगितलं. त्या सकाळी सांगितलं असतं तर मी मनापासून पटवून घेतलं असतं.)

अण्णांनी गॅस बंद केला. सुगुणाम्मांचा डबा धुतला, पुसला आणि माझ्या हातापाया पडण्याकडे दुर्लक्ष करून, रिकामाच्या रिकामा घेऊन शेजारी गेले. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. त्यांनी सुगुणाम्मांना ‘एम्प्टी’चा संपूर्ण इतिहास सांगितला. इंग्रजीतून! सुगुणाम्मांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना दिसलं ते इतकंच, की कधी उंबरा न ओलांडणारा म्हातारा स्वतः आलाय, हातवारे करून काहीतरी कळवळून सांगतोय आणि हातात कोरडा ठणठणीत डबा आहे.

त्यांच्या जगात असा डबा एकाच घरातून येऊ शकत होता. ज्या घरात घालायला चिमूटभर साखरही उरलेली नाही, अशा घरातून.

एवढ्यावरही निभावलं असतं. पण दुपारी मोहन अचानक घरी आला. सकाळपासून दाढ ठणकत होती, गाल सुजलेला, त्यावर रुमाल दाबलेला, डोळ्यांत पाणी. फाटकाशीच सुगुणाम्मांनी त्याला गाठलं.

“क्या हुआ मोहन? नौकरी?”

मोहनला तोंड उघडता येत नव्हतं. नोकरीवरून आलास का, असं विचारतायत असं त्याला वाटलं. त्याने मान हलवली, एक हुंदक्यासारखा आवाज काढला आणि आत येऊन पलंगावर आडवा झाला.

संध्याकाळपर्यंत तांदळाचं पोतं आलं. सार स्वतः हातगाडीवाल्याबरोबर चालत आले, पोतं ओसरीवर उतरवलं आणि मोहनच्या पाठीवर हात ठेवून गेले. मग तूरडाळ आली. मग समोरच्या घरातून लोणच्याची बरणी. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याने निरोप पाठवला की संध्याकाळी बूथवर बसायला माणूस हवाच आहे, लाजायचं काही कारण नाही.

मी धावत सुगुणाम्मांकडे गेले.

“सुगुणाम्मा, यांची नोकरी गेलेली नाही हो! दाढ दुखतेय!”

त्यांनी मला छातीशी धरलं. “अच्छे घर की बहू ऐसाइच बोलती.”

“अहो, खरंच दाढ दुखतेय!”

“हौ मा, हौ. रो नक्को.”

जितकं नाकारावं तितकं ते खरं ठरत गेलं! दुसऱ्या दिवशी दाढेवर औषध ठेवून मोहन डबा घेऊन कामावर निघाला, तर गल्लीतल्या बायका खिडकीतून हळहळल्या. बिचारा लोकांना कळू नये म्हणून निघालाय, आता दिवसभर कुठल्यातरी बागेत बसणार, असं ठरून गेलं. सार तर स्कूटर काढून त्याच्यामागे गेले. मोहन घरी येऊन म्हणाला, “आज स्कूटरच्या आरशात जातायेता सार दिसत होते.” आम्हाला वाटलं, औषधाची गुंगी असेल.

आणि सुगुणाम्मांनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. शुक्रवारी सकाळी आल्या, माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि म्हणाल्या, “तू पढ़. अब तेरेकूच घर चलाना है.”

शुक्रवार, शनिवार, रविवार. मला आयताच चहा मिळाला. ताट वाढून मिळालं. दुपारी मी खिडकीशी पाय पसरून बसायचे आणि समोर फक्त पुस्तक असायचं (तेलकट, पण पुस्तक!). लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या हातात काही नव्हतं. अण्णा मधूनच डोकावायचे आणि “बघ, ॲमेट्टिग!” म्हणून आनंदाने निघून जायचे. ते तीन दिवस मला कुणी दिले नसते तर मी आज कुठे असते कोण जाणे.  परक्या गावात, परक्या भाषेतल्या बाईने माझ्यासाठी चूल सांभाळली, आणि बदल्यात तिला काय मिळालं होतं? एक रिकामा डबा आणि इंग्रजीतलं भाषण!

मी पास झाले. नोकरीही लागली. पत्र हातात आल्यावर मोहन पहिल्यांदा पोटभर जेवला. (त्याच्या कारखान्याची कुजबुज पुढे कुजबुजच राहिली, हे आमचं नशीब.)

पण मला चैन पडेना. इतक्या लोकांची माया आपण खोट्यावर घेतली, हे टोचत होतं. पेढे घेऊन सुगुणाम्मांकडे गेले, त्यांच्या पाया पडले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. डबा, अण्णा, ॲमेट्टिग, दाढ.

सुगुणाम्मांनी शांतपणे पेढा तोंडात टाकला.

“मालूम है मेरेकू.”

“कधीपासून?”

“शुक्रवार सेच. सार पीछे गए ना मोहन के, कुछ उलटासीधा करेगा बोलके. देखे तो वो कारखाने में गया. शाम कू बाहर आया. नौकरी तो है!”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“बोलती तो तू फिर कढ़ई चढ़ाती. पढ़ती कब?”

मला रडू फुटलं. मी त्यांचा हात धरून बसले. डोळे पुसत म्हणाले, “पण बाकीच्यांना तरी सांगायचं. सगळी गल्ली उगाच काळजी करत राहिली.”

“सबकू बोली मैं. उसी दिन बोली.”

“सगळ्यांना? आणि तरी लोणचं, डाळ, सगळं येतच राहिलं? का?”

सुगुणाम्मांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“गुस्सा नक्को कर अम्मायी. तू जो डब्बा भेजती थी ना, मैं पूरे गल्ली में बाँटती थी. लोगाँ खा के देखे. तेरेकू नौकरी लगना बोलके सब मन्नत माने थे.”

अजूनही कुणी विचारलं की तुम्ही कंप्युटरच्या लाइनीत कशा आलात, तर मी आढेवेढे घेत नाही. सरळ सांगते, माझ्या हाताला चव नव्हती म्हणून.