बापटकाकांचा हिवाळा

बापटकाका बँकेत जायला निघताना बूट घालायच्या आधी बाही वर करत आणि मनगट हौदात बुडवत. सिंगापुरातल्या आमच्या काँडोत, म्हणजे निवासी संकुलात, त्यांचा फ्लॅट तळमजल्यावर होता आणि मागच्या अंगणातल्या त्या हौदात त्यांनी रंगीत कोई मासे पाळले होते. २०१३ साली मी शेजारी राहायला आलो, तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी माझाही हात पाण्यात घातला. म्हणाले, "पाण्याला विचारायचं, कॅलेंडरला नाही."

ही शिकवण जपानच्या उत्तरेकडची. तिथे त्यांनी नोकरीची बरीच वर्षं काढली होती. पाणी पुरतं गारठलं की मासे तळाशी निपचित पडतात, खात नाहीत. मग फिल्टर बंद करायचा, स्पंज धुऊन वाळवायचे, पंप घरात ठेवायचा आणि वसंतात सगळं पुन्हा जोडायचं. काका हे लोणच्याच्या कृतीसारखं रंगवून सांगत. सिंगापुरात मात्र फिल्टर बंद पडला तर मासे एक रात्रही काढणार नाहीत, हेही तेच बजावत. "इथे त्याला रजा नाही, म्हणून मलाही नाही," अशी त्यांची लाडकी तक्रार होती.

निवृत्तीनंतर ते विसरू लागले. सेरंगून रोडला किराणा आणायला जात आणि रिकाम्या हाताने परत येत. सुधाकाकूंनी आधी ते हसण्यावारी नेलं. मग डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि त्या घरातलं हसणं आटलं. माशांपाशी मात्र काका अगदी पहिल्यासारखे असत, आणि काकूंची सगळी आशा त्या हौदावर होती.

डिसेंबरातल्या एका दुपारी काकू बाहेर गेल्या होत्या. परतल्या तेव्हा पाऊस कोसळत होता, त्यामुळे पंपाची घरघर थांबल्याचं त्यांना कळलंच नाही. सकाळी त्यांनी मला बोलावलं. स्पंज दोरीवर ओळीने टांगलेले होते. पंप वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला होता. कामात कुठे खोट नव्हती. हौदात सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

"बर्फ पडायच्या आत आटोपलं," काका समाधानाने म्हणाले.

काकू ओरडल्या नाहीत. "पाण्याला विचारलंत का हो?" एवढंच त्यांनी विचारलं. काका दोरीवरचे स्पंज सारखे करू लागले.

मासे आम्ही काका झोपल्यावर उचलले. मी नवे आणू म्हटलं, तर काकू नको म्हणाल्या. त्यांचं मन उडालं होतं.

मार्चमध्ये काकांनी स्वतःच पंप बाहेर काढला. नळ्या जोडल्या, त्यांत साचलेलं पाणी आधी सोडून दिलं, मग बटण दाबलं. सगळं बिनचूक. मग मुठीत खाणं घेऊन ते हौदाच्या काठावर बसले. ऊन चढलं, आत चला म्हणून मी मागे लागलो, तेव्हा त्यांनी बाही वर केली आणि मनगट त्या कोमट, रिकाम्या पाण्यात बुडवलं. बराच वेळ तसंच ठेवलं.

"गार आहे अजून," ते म्हणाले. "वर यायला वेळ लागेल त्यांना."

काकू शेजारी येऊन बसल्या. त्यांनीही हात पाण्यात घातला.

"हो," त्या म्हणाल्या, "गारच आहे."