मनात येईल ते मोठ्याने बोला

मालवणात चार माणसं काही शिकायला बसली की शिकणं कमी होतं आणि किस्सेच जास्त साठतात. आमचंही तसंच झालं. माझ्या झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही यूएक्स रिसर्च शिकत होतो. म्हणजे ॲप बनवायच्या आधी ते वापरणाऱ्या माणसाला समजून घ्यायचं. शिकणारे तिघं: मी, पर्यटकांना बोटीतून फिरवणारा बेनी, आणि सोनल. सर बंगलोरहून ऑनलाइन.

मी आणि बेनी हौशी. सोनलचं तसं नव्हतं. तिचं प्रोजेक्ट सरांना पटलं तर त्यांच्याच कंपनीचं काम तिला घरी बसून मिळणार होतं. नाहीतर पुण्याची नोकरी ठरलेली, आणि तिला गाव सोडायचं नव्हतं. प्रोजेक्ट होतं होमस्टेवाल्यांसाठी बुकिंगचं ॲप.

*

पहिली मुलाखत पार्वतीकाकींची. पाहुण्यांसाठी त्यांच्या दोन खोल्या आहेत. सरांचा नियम असा, की आपण कमी बोलायचं, समोरच्याला बोलू द्यायचं. आम्ही नियम अगदी पाळला. काकींनी सोनलला विचारलं, "तू कोणाचा गो?" तिथून जी सुरुवात झाली ती तिच्या आईचं माहेर, बेनीची गोव्यातली मावशी, माझ्या सासूचं आजारपण अशी फिरत राहिली. काकींबद्दल मात्र आम्हाला एक अक्षर कळलं नाही.

"रिसर्च झालो," बाहेर आल्यावर बेनी म्हणाला. "आपलो."

*

मग कागदी प्रोटोटाइप. आंब्याच्या पेटीच्या पुठ्ठ्याचा मोबाइल, आत कागदाचे स्क्रीन. काकींनी बटणावर बोट ठेवलं की बेनीने पुढचा कागद सरकवायचा. थोडक्यात, बेनी कॉम्प्युटर. आणि कॉम्प्युटर बोलत नाही!

काकी अडल्या की बेनीला विचारायच्या, आता कुठे दाबू? बेनी गप्प. एरवी त्याचं तोंड मिटत नाही. तीनदा विचारूनही तो बोलेना, तेव्हा काकी घाबरून आत गेल्या आणि मीठमिरच्या घेऊन आल्या.

कॉम्प्युटरची दृष्ट काढलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

*

खरी पंचाईत वेगळीच होती. ॲपला कोणी नावंच ठेवेना. कसं वाटलं विचारलं की "बरा आसा" म्हणायचे आणि चहा पुढे करायचे. तोंडावर वाईट कोण बोलणार? चुका कळल्याशिवाय सुधारायचं काय, म्हणून सोनल अगदी रडकुंडीला आली.

शेवटी तिने डोकं चालवलं. पुढच्या घरी सांगितलं, हे पुण्याच्या एका माणसाने बनवलंय. मग काय विचारता! अक्षर बारीक, रंग भडक, आणि मुख्य म्हणजे, "कोणाच्या वळखीन इलो, ता खंय विचारल्यान हेणी?" फोनवर बुकिंग आलं की आमच्याकडे पहिला प्रश्न तोच, पाहुणा कोणाच्या ओळखीने आला; तारीख नंतर. आणि ॲपमध्ये तो रकानाच नव्हता! आम्ही तिघंही इथलेच, तरी हे कोणाला सुचू नये याचं मला अजून नवल वाटतं. सोनलने तो रकाना सगळ्यात वर घेतला.

पुण्याच्या माणसाचे आम्ही मनातल्या मनात आभार मानले.

*

शेवटची चाचणी भाऊकाकांच्या पडवीत. भाऊकाका गावचे मानकरी. देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. बघायला शेजारच्या बायका जमलेल्या. सर लॅपटॉपवर होते. "मी फक्त बघणार, एक शब्द बोलणार नाही," असं त्यांनी आधीच बजावलं होतं. त्यांना मराठी येत नाही, बेनी हळूच हिंदीत सांगत होता. पुण्याला होकार की नकार, ते सोनलला दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं.

तिने काकांच्या हातात मोबाइल दिला आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "काका, मनात येईल ते मोठ्याने बोला."

काकांनी मोबाइल पाटावर ठेवला. चपला काढल्या, उभे राहिले, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान आज जा काय मांडल्यान हा, ता तडीस ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका म्हणाल्या.

"पोटासाठी तेका गाव सोडूक लावू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सोनलने तोंड फिरवलं. माझेही डोळे भरून आले.

"आणि थंय बसलेल्या त्या मास्तराच्या तोंडात होकार घाल रे म्हाराजा!"

या वेळी बायका गप्प. सगळ्यांच्या नजरा लॅपटॉपकडे. बेनीही भाषांतर करायचं विसरला.

सरांनी माइक चालू केला, हात जोडले आणि म्हणाले, "व्हय म्हाराजा."