रेंजरीणबाई आणि माझा चेहरा

विहिरीवर पाणी भरायचा चपराशी. रेंजरसाहेबांची बायको म्हणजे रेंजरीणबाई. त्या तिथे नथ घालून, रेशमी काठाचं लुगडं नेसून नुसत्या उभ्या राहायला यायच्या. अहेरीच्या जंगलखात्याच्या क्वार्टरांत दिसण्याचं राज्य त्यांचं होतं. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला त्या पायापासून डोक्यापर्यंत निरखायच्या आणि निकाल द्यायच्या, "पातळ चांगलं हाय वो, पण तुले नाई शोभत." ती बाई ते पातळ पुन्हा नेसत नसे.

मी कारकुनाची नवी बायको, अठरा वर्षांची, गोरीपान. पहिल्याच हळदीकुंकवाला कुणीतरी बोलून गेली, "आता बाईले जोड भेटली!" रेंजरीणबाई हसल्या नाहीत. मला कुंकू लावताना म्हणाल्या, "रंग हाय, पण नाक बसकं हाय." पुढच्या खेपेला त्यांनी चांद्याहून नवं पातळ मागवलं. मीही काही कमी नव्हते. त्यांच्यापेक्षा वीतभर लांब गजरा माळून गेले.

उन्हाळ्यात मला देवी आल्या. जगले, पण चेहऱ्यावर खड्डे राहिले. दोन महिने मी दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. शेजारणी यायच्या, भिंतीकडे बघत बोलायच्या आणि लवकर उठायच्या.

एका बाजाराच्या दिवशी रेंजरीणबाई थेट आत आल्या. माझी हनुवटी धरून त्यांनी चेहरा उजेडाकडे वळवला आणि नेहमीसारखा सावकाश निरखला. मला रडू फुटलं.

"रडून काऊन राह्यली वो? डोळे तेच हायेत, केस तेच हायेत. आन् नाक तं पह्यलेपासूनच चांगलं होतं. मीच खोटं बोलली."

त्यांनी स्वतः माझी वेणी घातली, ठेवणीतलं पातळ नेसवलं आणि माझा हात धरून भर बाजारातून निघाल्या. फॉरेस्टरच्या बायकोने आम्हाला पाहून मान वळवली, तशा त्या ओरडल्या, "काऊन वो, ओळखली नाई का? आपली कारकुनीण हाय. बोल तिच्यासंग!" ती बोलली. मग दुसरी बोलली. भाजी घेताना भाव करायला मी तोंडावरचा पदर कधी बाजूला सारला, माझं मलाच कळलं नाही.

थंडीत रेंजरसाहेबांची बदली झाली. मोटारीच्या खिडकीतून बाई म्हणाल्या, "तू आली तवाच मले नटासजाची खरी मजा आली. आता इथी कोण हाय, तूच. ढिली पडू नोको."

त्या वर्षी संक्रांतीचं पहिलं हळदीकुंकू मी केलं.