बिराजदार मॅडमचा लॅपटॉप

स्टाफरूममध्ये किस्से का साठतात, माहितीय? कुणीतरी रंगात येऊन सांगायला लागतं, अन् नेमकी घंटा होते. अर्धी राहिलेली गोष्ट मग मधल्या सुट्टीत परत पहिल्यापासून सांगावी लागते. दुसऱ्या वेळेला ती थोडी वाढलेली असते. अणदूरजवळच्या आमच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो, म्हणजे मला रिकामे तास जास्त. त्यामुळं माझ्याकडं साठाही जास्त!

त्यातले निम्मे किस्से एकट्या बिराजदार मॅडमच्या लॅपटॉपचे. पूर्वी आम्ही ते मोठ्यानं सांगायचो. आता आधी बघतो, बिराजदार सर खोलीत आहेत का. नसले तर सांगतो.

मॅडम गणिताच्या, सर मराठीचे. नवरा-बायको एकाच शाळेत, एकाच टेबलाला. पण शाळेत एकमेकांना "सर" अन् "मॅडम"च! शाळेचा कॉम्प्युटर कपाटात कुलुपात असायचा, म्हणून निकाल, हजेरी, ऑनलाइन माहिती, सगळ्यांचं सगळं मॅडमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर. अन् तो तापायचा. असा तापायचा की मांडीवर घ्यायची सोय नाही. दुरुस्तीला टाका म्हटलं की मॅडम म्हणायच्या, "अन् तुमचे निकाल कोण करंल?"

मग त्यांनी युक्ती काढली. दोन वाट्या पालथ्या घालायच्या अन् त्यावर लॅपटॉप ठेवायचा, खालून वारा लागतो. एक दिवस आमचे शिपाई शब्बीरमामा कमरेवर हात ठेवून दारात उभे.

"मॅडम, लेकरं हातावर खिचडी घ्यायलेत, अन् तुमचा लॅपटॉप वाट्यांवर बसलाय!"

मॅडम लगेच उठल्या, वाट्या धुऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी घरून आणल्या. शब्बीरमामांसाठी डबाभर शेंगदाण्याची चटणीही आणली.

मॅडमचं माहेर आळंदकडचं, कर्नाटकातलं. राग आला की कानडी सुरू. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला की त्याच्यावर हात आपटून म्हणायच्या, "साकप्पा! साकु!"

शाळेत नवीन आलेले सूर्यवंशी सर महिनाभर ऐकत होते. एकदा हळूच मला म्हणाले, "माने सर, हा साकप्पा कोण? रोज बोलावतेत अन् तो काही येत नाही!"

साकप्पा म्हणजे "बास कर बाबा", हे मॅडमनी त्यांना हसत हसत सांगितलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. सूर्यवंशींना पुढं वर्षभर आम्ही साकप्पाच म्हणत होतो.

मग तपासणीला साहेब आले. एप्रिलचं ऊन, वर पत्रे. मॅडम पडद्यावर काहीतरी दाखवत होत्या अन् ऐन मध्यात लॅपटॉप बंद! पडदा काळा. मुख्याध्यापकांचा चेहरा त्याहून काळा.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, त्याची मधली सुट्टी झाली. आपण पण चहा घेऊ."

साहेब हसले. तेवढ्यात बिराजदार सर पुढं झाले, एक पुठ्ठा उचलला अन् लॅपटॉपला वारा घालायला लागले. घामाघूम झाले, पण थांबेनात.

"बघा," मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला कधी असा वारा घातला न्हाय!"

सर लाजले, पण पुठ्ठा काही खाली ठेवला नाही.

त्यानंतरच्या दिवाळीत मॅडमचं दुखणं कळलं. सोलापूरला फेऱ्या सुरू झाल्या. मधे बरं वाटलं की शाळेत यायच्या, शालीत गुंडाळून. औषधांनी हात गार पडायचे. एकदा मी समोर बसून चित्रांच्या वह्या तपासत होतो. मॅडमनी लॅपटॉप चालू केला, काम काहीच केलं नाही. तापू दिला, अन् दोन्ही तळवे त्याच्यावर ठेवून बसल्या.

"माने सर, एवढी वर्षं याच्या गरमीला शिव्या घातल्या. आता बघा, कामाला आला."

चहा घेऊन आलेले शब्बीरमामा कप ठेवून लगबगीनं बाहेर गेले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सर पेपर तपासत होते. त्यांचं पान बराच वेळ उलटलं नाही.

उन्हाळा लागायच्या आत मॅडम गेल्या.

सर रजा संपवून आले तेव्हा खांद्याला मॅडमची बॅग होती. लॅपटॉप काढला, मॅडमच्या जागेवर ठेवला. आयुष्यात कॉम्प्युटरला हात न लावलेला माणूस एका बोटानं अक्षरं शोधत बसला. तापला की तो बंद पडायचा. मग सर त्याच्यावर हात ठेवून वाट बघत बसायचे. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, शाळेला नवीन आलाय, तो घ्या." सर म्हणाले, "नको. मला याची सवय हाय."

एकदा घंटा झाली तरी सर उठले नाहीत. नववीतली एक मुलगी बोलवायला आली. "सर, तुमचा तास हाय."

"आलो बाळ," सर म्हणाले. "मॅडमला जरा गार होऊ दे."

सरांना आपण काय बोललो ते कळलं की नाही, देव जाणे. थोड्या वेळानं खडू घेऊन ते वर्गावर गेले.

शेवटी एक दिवस लॅपटॉप सुरूच होईना. सर माझ्याकडं आले. "माने, हा दुरुस्तीला टाकायला तुळजापूरला येता का माझ्याबरोबर? मला त्यातलं काय बोलावं कळत न्हाय."

माझ्या मोटरसायकलवर गेलो. सर मागं, बॅग दोघांच्या मधे. दुकानदार चांगला होता, बोलका. समोरच लॅपटॉप उघडला, धूळ झटकली, पंखा बाहेर काढला. पात्यांभोवती लांब, काळे केस गच्च गुंडाळलेले.

"हे घ्या! पंखा फिरणार कसा?" चिमट्यानं एकेक ओढत तो हसला. "घरच्या मॅडम वापरतेत व्हय? केस लई लांब दिसतेत त्यांचे. त्यांना सांगा, न्हाऊन आल्या आल्या केस मोकळे सोडून यावर बसत जाऊ नका म्हणावं."

मी तोंड उघडलं. सरांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

दुकानदारानं सगळा गुंता एका कागदावर गोळा केला अन् चुरगाळायला लागला. सरांनी तो कागद अलगद आपल्याकडं ओढला, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली.

"व्हय," सर म्हणाले. "सांगतो."