तीन सेकंदांचे चेहरे

मंगळवारी सकाळी चहावरून माझं बायकोशी भांडण झालं आणि दुपारी ती वारली. तिचा फोटो मी भिंतीवर लावू शकलो नाही, कारण त्यात ती माझ्यावर रागावलेली दिसायची.

आमच्या निगडीच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर मानसशास्त्राचे एक संशोधक राहतात. माणूस चेहरा कसा वाचतो, हा त्यांचा विषय. लिफ्टमध्येही ते खिशातून अनोळखी चेहऱ्यांचे फोटो काढतात. "राग की आनंद? तीन सेकंद. विचार करू नका, फक्त बघा." तोवर आपला मजला निघून जातो.

माझी अडचण ऐकून ते सांत्वनाचं काही बोलले नाहीत. तिचा फोटो त्यांनी आपल्या फोटोंत मिसळला आणि मला शेजारी बसवून दिवसभर बस टर्मिनसवर लोकांना दाखवला. संशोधनाची पद्धत म्हणून फोटो उलटाही धरला.

"बाई हसू दाबतायत," एक कंडक्टर म्हणाला. "उलटा धरलात तरी दाबतायतच, राव!"

बाकीच्यांचंही तेच. संध्याकाळी संशोधकांनी माझ्यासकट सगळ्यांची उत्तरं लिहिलेली वही माझ्यापुढे धरली. "राग फक्त तुम्हालाच दिसतोय."

फोटो आता भिंतीवर आहे. मला ती अजून रागावलेलीच दिसते. वहीत तसं म्हणणारा मी एकटाच आहे.