पासलीचं कोरं पान

भोरच्या एका कॉम्प्युटर क्लासात मी तेव्हा शिकवत होतो. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा एका सीडीवरून माझी मीच शिकलो होतो, आणि गावात ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती. त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसला माझा कारभार.

त्या वर्षी भोरात मोतीबिंदूचं दोन दिवसांचं शिबिर होतं. नावनोंदणीच्या वह्या माझ्याकडे आल्या: भाटघर, सारोळे, पासली. हाताने याद्या करणं मला कमीपणाचं वाटलं. सगळी नावं एकाच फाईलमध्ये ओळीने घातली आणि गाववार याद्या काढणारा प्रोग्राम लिहिला. भाटघर पहिलं, कारण ते माझं गाव. त्याची यादी छापून आली, तीत मामाचं नाव दिसलं, आणि उरलेली दोन पानं मी न बघताच लिफाफ्यात सारली.

शिबिराच्या सकाळी दारात टेबल टाकून मीच बसलो. सारोळ्याचं पान काढलं तर वर गावाचं नाव आणि खाली काहीच नाही. सारोळ्याची माणसं हायवेवरची, जीप करून आलेली. त्यांच्या पुढाऱ्याने टेबलावर हात आपटला, तेव्हा त्यांची नावं मी पेनने लिहून घेतली. पासलीचं पानही कोरंच होतं. पण चारचौघांत चूक कबूल करायची माझी तयारी नव्हती.

मग पासलीची अंगणवाडीची बाई आली. दोन एसट्या बदलून, म्हाताऱ्या सासूला हाताला धरून. म्हातारीचा एक डोळा आधीच गेलेला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता.

“पासलीचं कुणी यादीत नाही,” मी म्हणालो.

“आसं कसं, सर? म्या सोता घरोघर फिरून नावं लिवली. सासूबाईंचं तर पयलंच हाय. परत एकदा वाचा की.”

“अहो ताई, हे कॉम्प्युटरने वाचलंय. त्याला तुमच्यासारखा विसर पडत नाही.”

रांगेतली माणसं हसली. खरं सांगायचं तर ते हसू मला आवडलं.

“मग ती वही तरी बघा!” तिचा आवाज चढला. वही क्लासातच होती, पाच मिनिटांवर. “वह्या वर पाठवल्या,” मी सांगितलं.

“चल गं,” म्हातारी म्हणाली. “नाव नसंल तर नसंल.”

दुपारी क्लासात जाऊन प्रोग्राम उघडला आणि चूक लगेच सापडली. फाईल एकदा शेवटपर्यंत वाचली की पायथन तिथेच थांबतो. पुन्हा वाचायची तर त्याला पहिल्या ओळीवर परत न्यावं लागतं. ते मी केलं नव्हतं. भाटघरसाठी त्याने सगळी फाईल वाचली, आणि पुढच्या दोन गावांच्या वेळी त्याच्यापुढे वाचायला काही उरलंच नव्हतं. मी एक ओळ वाढवली. पासलीची यादी पूर्ण छापून आली. पहिलं नाव म्हातारीचंच होतं.

शिबिराचा दुसरा दिवस बाकी होता. वेल्ह्याच्या एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली असती तरी पासलीत निरोप पोचला असता. मी तो कागद फाडून टाकला.

पुढच्या वर्षी वेल्ह्याच्या स्टँडवर ती बाई भेटली. मी तोंड चुकवत होतो, तर तीच जवळ आली. सासूबाई कशा आहेत, असं मला विचारावंच लागलं.

“हायत. पण आता कायबी दिसत न्हाई. डाक्टर म्हनले, लई उशीर झाला.” मग खाली बघत म्हणाली, “सर, त्या दिशी तुमच्यावर उगाच आवाज चढवला. वहीत मीच कायतरी चुकले आसंन. राग धरू नका.”

“नाही हो,” मी म्हणालो. “पुढच्या वेळी जरा नीट लिहीत जा.”