मामीच्या होडीतल्या तीन फळ्या

माझ्या मामाला सगळी आळी 'काटकोन' म्हणते आणि तो ते नाव पदवी मिळाल्यासारखं मिरवतो. चाळीस वर्षं त्याने दारं, खिडक्या, कपाटं केली. त्याने जोडलेल्या सांध्यात पोस्टकार्ड शिरलं तर त्या दिवशी त्याला जेवण जात नाही. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी चौकटीवरून बोट फिरवतो, मग 'कसे आहात' विचारतो. या सवयीपायी आमच्या किती सोयरिका आंबल्या, ते मला विचारा.

मामी अगदी उलट. बोलायला मोकळी, कामाला वाघ. पाण्यापलीकडे तिची रोपवाटिका आहे. रोज सकाळी फायबरच्या छोट्या होडीतून ती एकटी वल्हवत तिकडे जायची. होडीत बसायला काही नव्हतं, कारण आधीच्या मालकाने टोपल्यांना जागा हवी म्हणून सीटा उपटून टाकल्या होत्या. मामी तळाशीच फतकल मारून बसायची. अशी वीस वर्षं गेली आणि तिचे गुडघे कामातून गेले. दोन्ही बदलावे लागले. डॉक्टरांनी बजावलं, आता जमिनीवर बसायचं नाव काढायचं नाही.

रस्त्याने जायचं तर दोन बस आणि दीड तास, तोही उभ्याने. तीन महिने मामीची धाकटी बहीण नोकरी सांभाळून रोपांना पाणी घालत होती. तीही मेटाकुटीला आली. शेवटी ठरलं, महिनाअखेरच्या रविवारी टेम्पो आणायचा, रोपं दुसऱ्यांना देऊन टाकायची आणि फाटकाला कुलूप लावायचं. मामी नुसतं "बरं" म्हणाली. एरवी ती मीठ संपलं हे सांगायलाही दहा वाक्यं घेते. त्या एका शब्दाने मला रडू आलं.

"सीट म्हणजे काय, फळीच ना?" मामा म्हणाला. "दोन दिवसांत बसवतो."

काटकोन तपासायचा गुण्या आणि पातळी बघायची पाणसळ घेऊन तो होडीत उतरला आणि तासाभराने लालबुंद होऊन बाहेर आला.

"या होडीत एक कोपरा सरळ असेल तर शपथ!"

"मामा, ती होडी आहे," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू होडी मीच वाकडी केली होती. पण सागाच्या तीन फळ्या त्याने तासल्याच. टोकं होडीच्या पोटाप्रमाणे गोल केली, माप केसभर जास्त ठेवलं आणि लाकडी हातोड्याने एकेक फळी ठोकून ठोकून आत बसवली. इतकी घट्ट की होडी उलटी केली तरी हलली नसती. वरून पॉलिश केलं. फळ्यांची टोकं कोरीच ठेवली, कारण कपाटात ती कुणाला दिसत नाहीत. मग होडी पाण्यात सोडून तो ऐटीत घरी आला.

दुसऱ्या दिवशी मधल्या फळीच्या दोन्ही बाजूंना फायबरला तडा गेलेला. वीतभर लांब, पांढराफेक.

धक्क्यावर होड्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. त्याच्या शेडचं दार वाकडं आहे म्हणून मामाने त्याला एकदा चारचौघांत नावं ठेवली होती. आता त्याची पाळी होती.

"लाकूड पाणी पितं, फुगतं," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही त्याला बोटभर जागा ठेवली नाहीत. फुगलेलं लाकूड कुठे जाणार? दादा, हे कपाट नाही."

मामा घरी येऊन जेवायला बसला. मामी म्हणाली, "राहू द्या हो. नशिबात नव्हतं म्हणायचं." तो ताटावरून उठला आणि चपला घालून थेट धक्क्यावर गेला. कुठे भांडण करतो की काय म्हणून मी मागे धावले.

"मला शिकव," तो मिस्त्रीला म्हणाला.

माझ्या उभ्या आयुष्यात मी हे त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मिस्त्रीने आधी तडे घासून बुजवले. मग पुठ्ठा कापून होडीच्या पोटाचा आकार उतरवून घ्यायला शिकवलं. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या रेझिनने आणि फायबरच्या कापडाने चिकटवल्या. फळी या पट्ट्यांवर टेकणार, होडीच्या भिंतीला शिवणारसुद्धा नाही. उंची बसताना गुडघा दुखू नये इतकी, आणि होडी डगमगू नये इतकी. मामा उलट्या बादलीवर बसून मान डोलवत होता. रेझिनच्या वासाने माझं डोकं उठलं, पण उठून जायची सोय नव्हती. एवढं नवल पुन्हा कधी बघायला मिळालं असतं?

सगळ्यात अवघड गेलं ते फळी तोकडी कापणं. खूण केली, करवत लावली, पुन्हा उचलली.

"चाळीस वर्षं मी फटी बुजवत आलो," तो पुटपुटला.

"मग आता एक राखा," मिस्त्री म्हणाला.

मामाने डोळे मिटले नाहीत एवढंच, पण कापली. तिन्ही फळ्यांच्या टोकांना त्याने तीन-तीन हात व्हार्निश दिलं.

शनिवारी होडी काठावर ठेवूनच चाचणी झाली. आमच्या घरात सगळ्यात वजनदार मी, हे अख्ख्या धक्क्याला ऐकवून त्याने मला मधल्या फळीवर उभं केलं आणि उड्या मारायला लावल्या. मी रागारागाने मारल्या. फळी हूं की चूं करेना. मिस्त्रीने टाळ्या वाजवल्या, तेव्हा मामाने त्याला मिठीच मारली.

रविवारी सकाळी मामाच्या खांद्याला धरून मामी होडीत उतरली. हळूच मधल्या सीटवर टेकली. जरा हलून पाहिलं आणि वल्ही हातात घेतली. मामा मागच्या सीटवर बसला, मी पुढच्या.

"हळू, हळू," मामा म्हणाला.

"गप्प बसा हो तुम्ही," मामी म्हणाली आणि असा जोर लावला की तो मागे कलंडला.

पलीकडे टेम्पो उभा होता. निम्मी रोपं चढलेली. मामीची बहीण ट्रे हातात घेऊन पाण्याकडे बघत राहिली.

"उतरव सगळी खाली!" मामीने काठावर पाय ठेवायच्या आधीच हाक दिली.

"ताई! अगं, तू कशी आलीस?"

"बसून आले," मामी म्हणाली, आणि टेम्पोतला पहिला ट्रे तिने स्वतःच उतरवून घेतला.